विहिरीच्या पाण्यांतील घाणीचा माग

विहिरीचें पाणी पारखण्याची आपली जुनी रीत सर्वांस माहीत आहे. पाणी ओंजळींत घेऊन पाहावें, त्याचा वास घ्यावा, घोटभर चाखावें, आणि त्यांत डाळ शिजते कीं नाहीं तें पाहावें. ह्या चारी परीक्षा खोट्या नाहींत. गढूळपणा डोळ्यांस दिसतो, कुजकेपणा नाकास कळतो, खारटपणा जिभेस लागतो आणि पाण्याचा जडपणा डाळीवरून ओळखतां येतो. परंतु ज्या दूषितानें घरोघर माणसें अंथरुणास खिळतात, तें ह्यांपैकीं एकाहि परीक्षेंत सांपडत नाहीं. कांचेसारखें नितळ, थंडगार व गोड पाणीहि विषमज्वर, पटकी किंवा कावीळ ह्यांचें बीज वाहून आणूं शकतें.

म्हणून पाण्याविषयीं दोन प्रश्न निरनिराळे ठेविले पाहिजेत. पाणी दूषित आहे काय, हा पहिला. आणि दूषित असल्यास ती घाण कोठून व कोणत्या वाटेनें आली, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर मिळालें म्हणून दुसऱ्याचें आपोआप मिळतें असें नाहीं. आणि दुसऱ्याचें मिळाल्यावांचून रोगाचें मूळ तुटत नाहीं. विहिरींत औषध टाकलें तर त्या दिवसाचें पाणी निर्धोक होईल. पण घाणीचा पाझर चालूच असेल तर चार दिवसांनीं पुन्हां पहिलीच स्थिति येते. शिवाय मूळ न शोधतां गांवांत बोटें मात्र एकमेकांकडे दाखविलीं जातात. कोणी वरच्या आळीला दोष देतो, कोणी उकिरड्याला, कोणी रासायनिक खताला. ह्यांपैकीं खरें काय, तें पाण्याकडूनच वदवून घेण्याच्या रीती शास्त्रज्ञांनीं गेल्या दीडशें वर्षांत बसविल्या आहेत. त्यांचा परिचय प्रस्तुत लेखांत करून देण्याचें योजिलें आहे.

लाउझेन गांवची साथ

ह्या विषयाचा पहिला धडा स्वित्झर्लंड देशांतील एका खेड्यानें घालून दिला आहे. त्यांत सर्व पात्रें शेतकरीच असल्यामुळें तो आपण विशेष लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे.

बाझेल प्रांतांत लाउझेन नांवाचें एक गांव आहे. १८७२ सालीं त्याची वस्ती सुमारें ७८० होती. पुष्कळ वर्षांत तेथें विषमज्वराची साथ आलेली नव्हती. त्या वर्षीं ७ ऑगस्ट रोजीं एकदम दहा माणसें तापानें पडलीं. पुढील नऊ दिवसांत आजाऱ्यांची संख्या ५७ झाली, आणि ऑक्टोबरअखेर ती १३० वर गेली. म्हणजे दर सहा माणसांमागें एक आजारी पडला. सुटीसाठीं गांवीं आलेलीं कांहीं मुलें आपापल्या घरीं परत गेल्यावर तिकडे आजारी पडलीं. साथ एका आळींत किंवा एका कुळांत नव्हती; ती गांवभर सारखी पसरली होती. फक्त सहा घरें सुटलीं. गांवाच्या सार्वजनिक नळाचें पाणी न वापरणारीं तींच काय तीं सहा घरें होतीं.

संशय अर्थातच पाण्यावर आला. परंतु हें पाणी स्टॉकहाल्डेन नांवाच्या टेकडीच्या पायथ्याशीं उगम पावणाऱ्या एका झऱ्याचें होतें. झरा नीट बांधून झांकलेला होता व जवळपास घाणीचा मागमूसहि नव्हता. पाहणारा तेथेंच थांबला असता, तर पाण्यास निर्दोष ठरवून मोकळा झाला असता. बाझेलचे डॉक्टर हेगलर ह्यांनीं मात्र टेकडीच्या पलीकडे जाऊन पाहिलें.

पलीकडे फ्यूर्लेर नांवाचें खोरें आहे. त्यांतील एका शेतावरच्या घरीं १० जून रोजीं, नुकताच प्रवासाहून परतलेला एक शेतकरी विषमज्वरानें आजारी पडला होता. पुढें त्याच वस्तींत आणखीहि माणसें आजारी पडलीं. घराजवळून एक ओढा वाहत असे. शौचकूपाचें व उकिरड्याचें पाणी त्यांत उतरे आणि आजाऱ्याचे कपडेहि तेथेंच धुतले जात. जुलैच्या मध्यावर शेतकऱ्यांनीं दरवर्षींच्या रीतीप्रमाणें हा ओढा अडवून त्याचें पाणी कुरणांवर सोडलें. त्याच सुमारास लाउझेनच्या झऱ्याचें पाणी वाढलें, गढूळ झालें व त्यास वाईट चव आली. त्यानंतर सुमारें तीन आठवड्यांनीं गांवांत साथ उसळली. विषमज्वराचें बीज पोटांत गेल्यापासून ताप दिसेपर्यंत सामान्यतः एक ते तीन आठवडे लागतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दोन्ही घटनांचा मेळ बसतो.

कुरणें भिजविलीं कीं झरा वाढतो, ही गोष्ट गांवकऱ्यांस पूर्वींपासून ठाऊक होती. ओढ्याजवळ एकदां जमीन खचून एक खड्डा पडला होता. त्यांत ओढ्याचें पाणी सोडतांच तें नाहींसें झालें व थोड्याच वेळानें टेकडीच्या अलीकडे झऱ्यास जोर आला, हेंहि लोकांनीं पाहिलें होतें. म्हणजे माहिती गांवांतच होती. ती जुळवून पाहणारा मात्र कोणी नव्हता.

मीठ आणि पीठ

संशय कितीहि सबळ असला तरी तो पुरावा नव्हे. डॉक्टर हेगलर ह्यांनीं त्या खड्ड्यांत सुमारें ९०० किलो मीठ पाण्यांत विरघळवून ओतविलें. कांहीं तासांतच टेकडीच्या ह्या बाजूस झऱ्याच्या पाण्यांत मिठाचा अंश वाढूं लागला. ओढा व झरा ह्यांचें पाणी जमिनीखालून एक आहे, हें सिद्ध झालें.

त्यानंतर त्यांनीं दुसरा प्रयोग केला. तो पहिल्याहूनहि अधिक बोधप्रद आहे. त्याच खड्ड्यांत दोन हजार किलोंहून अधिक पीठ पाण्यांत कालवून सोडण्यांत आलें. ह्या पिठाचा एक कणहि झऱ्यांत दिसला नाहीं. ह्याचा अर्थ असा कीं, टेकडीखालीं मोकळें भुयार नव्हतें; पाणी वाळू-मातीच्या थरांतून गाळून येत होतें आणि ही गाळणी पिठाचे कण अडविण्याइतकी बारीक होती. तरीसुद्धां रोगाचें बीज तींतून पार झालें.

तें कसें, ह्याचा उलगडा पुढें झाला. १८७२ सालीं विषमज्वराचा जंतु कोणीं पाहिलेलाच नव्हता. तो एबर्ट ह्या शास्त्रज्ञास १८८० सालीं दिसला. त्याची रुंदी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास असते. गव्हाच्या पिठांतील मोठा कण त्याच्या कित्येक पट जाड असतो. काविळीचे विषाणु तर त्या जंतूहूनहि पुष्कळच लहान आहेत. म्हणून “पाणी जमिनींतून गाळून येतें, तेव्हां तें शुद्धच असणार” हें आपलें नेहमींचें समाधान लाउझेन येथें कायमचें खोटें ठरलें. माती पुष्कळ घाण अडविते, हें खरें; पण ती कोणती घाण अडविते व कोणती सोडते, हें तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबतां येत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. फ्यूर्लेर खोऱ्यांतील शेतकऱ्यानें कोणाचें वाईट चिंतिलें नव्हतें. त्यानें वाडवडिलांप्रमाणें कुरणास पाणी दिलें, एवढेंच. आपल्या पाटाचें पाणी टेकडीपलीकडच्या मुलांच्या पेल्यांत उतरत आहे, हें त्याच्या स्वप्नींहि नव्हतें. ज्ञान नसेल तर निरपराध माणसाच्या हातूनहि अनर्थ घडतो.

रंगाचा प्रयोग

मिठाची एक अडचण आहे. तें फार लागतें, आणि पाण्यांत तें मुळांत थोडेंबहुत असतेंच. म्हणून अत्यल्प प्रमाणांतहि ओळखूं येईल आणि निसर्गतः पाण्यांत नसेल असा पदार्थ पाहिजे होता. १८७१ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर ह्यांनीं फ्लुओरेसीन नांवाचा रंग तयार केला आणि ही उणीव भरून निघाली. ह्या रंगाच्या क्षाराचा अतिशय थोडा अंश पाण्यांत असला तरी पाणी हिरवें चमकतें.

दक्षिण जर्मनींत इमेंडिंगेन गांवाजवळ डॅन्यूब नदीचें पाणी चुनखडीच्या खडकांतील भेगांत गडप होतें. तेथून सुमारें १२ किलोमीटरांवर आख नांवाच्या नदीचा मोठा उगम आहे. हें गडप झालेलें पाणी आखच्या उगमांत निघतें कीं नाहीं, ह्याचा निर्णय कार्लस्रूहचे प्राध्यापक क्नोप ह्यांनीं ऑक्टोबर १८७७ मध्यें केला. त्यांनीं नदीच्या भेगांत १० किलो फ्लुओरेसीनचा क्षार, सुमारें २० टन मीठ आणि तीव्र वासाचें खनिज तेल सोडलें. सुमारें ६० तासांनीं आखच्या उगमांतून हिरवें चमकणारें, खारट व तेलाच्या वासाचें पाणी बाहेर आलें. तिन्ही साक्षी एकच बोलल्या. ह्याच पाण्याच्या हक्कावरून पुढें वुर्टेंबर्ग व बाडेन ह्या दोन राज्यांत वाद माजला आणि तो १९२७ सालीं जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयापुढें गेला. भूगर्भांतील पाण्याची वाट दाखवितां येते, म्हणूनच तिच्याविषयीं न्यायहि मागतां येतो.

आज ही रीत जगभर रूढ आहे. डोळ्यांस मुळींच न दिसणारा रंगहि मोजणारीं यंत्रें निघालीं आहेत, त्यामुळें रंग अगदीं थोडा वापरावा लागतो. मात्र एक सूचना केली पाहिजे. असा प्रयोग जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, गांवास अगोदर कळवूनच करावा. पिण्याच्या पाण्यांत आपल्या मनानें कोणताहि पदार्थ टाकणें गैर आहे. कपड्याचे किंवा रंगपंचमीचे बाजारी रंग तर ह्या कामीं कधींहि वापरूं नयेत.

क्षारांची साक्ष

मीठ व रंग हे आपण मुद्दाम पाठविलेले दूत होत. पण घाणीबरोबर कांहीं दूत स्वतःहूनच येतात. त्यांपैकीं पहिला क्लोराइड, म्हणजे मिठाचाच अंश. माणसाच्या व जनावराच्या मूत्रांत मीठ असतें. जमिनींतून जातांना इतर द्रव्यें बदलतात, मुरतात किंवा पिकें तीं शोषून घेतात. क्लोराइड मात्र पाण्याबरोबर बहुतेक जसेंच्या तसें पुढें जातें. पाण्याच्या नमुन्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले असतां जो पांढरा साका बसतो, त्यावरून तें ओळखतात.

परंतु क्लोराइड आढळलें म्हणून लगेच घाण ठरवूं नये. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांत एलन रिचर्ड्स ह्या विदुषीनें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्याचे हजारों नमुने तपासून असें दाखविलें कीं, समुद्राजवळच्या निर्मळ पाण्यांतहि क्लोराइड अधिक असतें आणि किनाऱ्यापासून दूर जावें तसें तें कमी होत जातें. म्हणून प्रत्येक टापूचें स्वाभाविक मान अगोदर ठरवावें आणि त्याहून जें अधिक असेल तेवढ्याचाच संशय धरावा. आपल्याकडेहि हा नियम तंतोतंत लागू आहे. कोंकणांत खाडीकांठची विहीर किंवा अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांतील विहीर खारट असली तर तो भूमीचा गुण आहे. परंतु गोड्या पाण्याच्या टापूंत, आजूबाजूच्या दहा विहिरी एका मानाच्या असतां एकीचेंच क्लोराइड दुप्पट-तिप्पट निघालें, तर तेथें शोध केलाच पाहिजे.

दुसरा साक्षी नत्र. शेण, मूत्र व मैला कुजतांना प्रथम अमोनिया होतो, अमोनियाचा नायट्राइट होतो व शेवटीं नायट्रेट होतो. हें काम जमिनींतील जंतु करितात. पॅरिस येथें श्लोझिंग व म्यूंत्स ह्यांनीं १८७७ सालीं गटाराचें पाणी वाळूच्या नळीतून सावकाश सोडून हेंच दाखविलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच नायट्रेट होणें थांबलें; पुढें ती वाफ घालवून तींत थोड्या मातीचें धुवण सोडतांच तें पुन्हां सुरू झालें. शेतकऱ्यास ह्याच क्रियेमुळें खताचा लाभ होतो, आणि पाण्याच्या परीक्षकास ह्याच क्रियेवरून घाणीचें वय कळतें. पाण्यांत अमोनिया व नायट्राइट असेल तर घाण बहुधा ताजी व जवळची असते. केवळ नायट्रेट असेल तर ती जुनी किंवा दुरून आलेली असते.

ह्या नायट्रेटास निरुपद्रवी समजूं नये. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत शेतावरील विहिरींच्या पाण्यांत दूध कालवून पाजलेलीं तान्हीं मुलें निळीं पडूं लागलीं, आणि त्याचें कारण पाण्यांतील नायट्रेट होय, असें डॉक्टर कॉम्ली ह्यांनीं १९४५ सालीं दाखविलें. त्याच्या योगानें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होते. आपल्या देशांत पिण्याच्या पाण्यांत नायट्रेटाची मर्यादा लिटरास ४५ मिलिग्रॅम ठरविली आहे. नायट्रेट उकळल्यानें जात नाहीं. उलट पाणी आटल्यामुळें त्याचें प्रमाण वाढतें. वरच्या दुधासाठीं पाणी उकळून घेणाऱ्या प्रत्येक मातेस हें माहीत असलें पाहिजे.

जंतूंची साक्ष

पाण्यांत रोगजंतु प्रत्यक्ष शोधणें कठीण असतें. ते थोडे असतात व थोडाच वेळ असतात. म्हणून त्यांच्या सोबत्यांचा शोध करितात. डॉक्टर एशेरिख ह्यांनीं १८८५ सालीं तान्ह्या मुलांच्या विष्ठेंत एक जंतु वर्णिला. त्यास आज त्यांच्याच नांवानें ओळखतात. हा जंतु माणसांच्या व उष्ण रक्ताच्या इतर प्राण्यांच्या आंतड्यांत अगणित असतो. तो पाण्यांत सांपडला तर त्या पाण्यास विष्ठेचा स्पर्श झाला आहे, असें समजावें. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यांत हा जंतु एकहि नसावा, असा दंडक आहे.

खेड्यापाड्यांत सहज करतां येईल अशी एक परीक्षा भारतीय शास्त्रज्ञांनींच दिली आहे. मांजा व त्यांचे सहकारी ह्यांनीं ती १९८२ सालीं प्रसिद्ध केली. औषधी द्रव्य लावलेल्या निर्जंतुक बाटलींत पाणी भरून उबेच्या जागीं ठेवितात. दूषित पाणी एक-दोन दिवसांत काळें पडतें. आंतड्यांतील जंतूंबरोबर वाढणारे कांहीं जंतु गंधकयुक्त वायु उत्पन्न करितात, त्याचा हा परिणाम. ही परीक्षा स्वस्त आहे, परंतु शेवटची नव्हे. जमिनींतील गंधकाच्या जंतूंनींहि क्वचित् पाणी काळें पडतें. म्हणून बाटली काळी झाली तर तें पाणी तात्काळ संशयित मानावें आणि नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा.

दोष शेताचा कीं गटाराचा ?

आतां आपण शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे येतों. विहिरींत नायट्रेट वाढलें कीं शहरांतील माणूस म्हणतो, “शेतकऱ्यानें युरिया फार टाकला.” शेतकरी म्हणतो, “तुमच्या गटारानें नदी नासविली.” नायट्रेट दोन्हीकडचें सारखेंच, मग निवाडा कसा व्हावा?

निसर्गांत नत्राचे परमाणु दोन वजनांचे असतात. बहुतेक सर्व १४ वजनाचे. सुमारें पावणेतीनशें परमाणूंत एखादा १५ वजनाचा. रासायनिक खत हवेंतील नत्रापासून होतें, म्हणून त्यांत हें प्रमाण जवळजवळ हवेइतकेंच राहतें. उकिरड्याची गोष्ट निराळी. उकिरड्यापाशीं उभें राहिलें असतां नाकास झोंबणारा वास येतो तो अमोनियाचा. उडून जातांना हलका परमाणु अगोदर उडतो. भारी मागें राहतो. म्हणून शेणखत व मैला ह्यांपासून झालेल्या नायट्रेटांत भारी नत्राचा अंश किंचित् अधिक असतो. हा फरक हजारांत दहा-वीस भागांचाच, परंतु परमाणु तोलणाऱ्या यंत्रास तो स्पष्ट कळतो.

ह्या रीतीचा पहिला मोठा उपयोग अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत कोल, शिअरर व कॉमनर ह्यांनीं केला. मक्याच्या प्रदेशांतून वाहणाऱ्या सँगमन नदीवरील डिकेटर तलावांतील नायट्रेटापैकीं निदान ५५ टक्के खतांतून आलें असावें, असा अंदाज त्यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं कित्येक मृत्तिकाशास्त्रज्ञांनीं त्यावर हरकत घेतली. जमिनींतील मूळच्या सेंद्रिय द्रव्यापासूनहि नायट्रेट होतें, आणि त्यांतील भारी नत्राचें मान जागोजाग बदलतें. शिवाय ओल्या, हवा न खेळणाऱ्या जमिनींत जंतु नायट्रेट खाऊन टाकितात, तेव्हां पुन्हां हलका परमाणु अगोदर जातो व उरलेलें नायट्रेट शेणखतापासून झाल्यासारखें भासतें. ही हरकत खरी होती. म्हणून आतां नत्राबरोबर नायट्रेटांतील प्राणवायूचे परमाणुहि तोलतात. दोन्ही साक्षी ताडून पाहिल्या म्हणजे घोटाळा बराच कमी होतो.

तरीहि शेणखत व मानवी मैला ह्यांतील भेद ह्या तराजूस कळत नाहीं. तो कळण्यास तिसरी साक्ष लागते. माणसाच्याच आंतड्यांत राहणाऱ्या कांहीं जंतूंच्या आनुवंशिक खुणा आतां पाण्यांत शोधतां येतात. कांहीं कृत्रिम गोड पदार्थ माणसाच्या शरीरांतून न बदलतां बाहेर पडतात आणि गटाराच्या पाण्यांत टिकून राहतात. तसेच कपड्यांस चकाकी आणणारे साबणांतील पदार्थ. गाईम्हशी गोड गोळ्या खात नाहींत व कपडे धूत नाहींत. असा पदार्थ विहिरींत निघाला तर तेथें माणसांच्या सांडपाण्याचा अंश पोंचला आहे, हें निश्चित.

ह्या सर्व विवेचनांतून एकच सूत्र निघतें. प्रत्येक साक्षी एकाच गोष्टीविषयीं बोलतो. मीठ व रंग वाट दाखवितात. पीठ गाळणीची जाडी सांगतें. आंतड्यांतील जंतु विष्ठेचा स्पर्श सांगतो. अमोनिया व नायट्रेट घाणीचें वय सांगतात. नत्राचे परमाणु तिची जात सांगतात. एका साक्षीवरून निकाल देणारा फसतो, मग तो शास्त्रज्ञ असो वा गांवचा पंच.

आपल्या विहिरीस हें कसें लावावें

दख्खनच्या काळ्या खडकांत चुनखडीसारखीं भुयारें नाहींत. येथें पाणी वरच्या मुरमांतून झिरपतें व खालच्या पाषाणांतील भेगांतून व सांध्यांतून चालतें. मुरूम व माती खोल असेल तेथें गाळण चांगली होते. माती पातळ व खडक भेगाळ असेल तेथें घाण फारशी न गाळतां विहिरीस मिळते. म्हणून आपल्यापुरती तपासणी पुढील क्रमानें करावी.

(१) विहिरीभोंवतीं चोहोंकडे फिरून शौचकूप, शोषखड्डा, गोठा, उकिरडा, गटार, खताचा साठा व फवारणीचीं भांडीं धुण्याची जागा ह्यांचा साधा नकाशा काढावा. उताराची दिशा त्यांत दाखवावी.

(२) पहिल्या जोराच्या पावसानंतर किंवा शेजारचें शेत भिजविल्यानंतर किती वेळांत विहिरीचें पाणी वाढतें, गढूळतें किंवा त्याची चव बदलते, ह्याची तारीखवार नोंद वहींत ठेवावी. लाउझेनच्या लोकांनीं ही नोंद ठेविली असती व वेळींच वाचली असती, तर साथ कदाचित् टळली असती.

(३) नमुना पावसाळ्यापूर्वीं एकदां व पावसाळ्यानंतर एकदां तपासून घ्यावा. जंतुपरीक्षेची बाटली प्रयोगशाळेनें दिलेली निर्जंतुक असावी. ती विसळूं नये, तोंडास बोट लावूं नये, आणि भरल्यावर थंड ठेवून त्याच दिवशीं पोंचवावी.

(४) एकट्या विहिरीचा नमुना अर्धा पुरावा होय. उताराच्या वरच्या बाजूची एक निर्धोक विहीर बरोबर तपासावी, म्हणजे तुलनेस आधार मिळतो.

(५) शौचकूप विहिरीपासून निदान १५ मीटर दूर ठेवण्याचा प्रघात आहे. भेगाळ खडकांत हें अंतर पुरेसें मानूं नये. तेथें शौचकूप अधिक दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. विहिरीस पक्का कठडा व सांडपाणी दूर नेणारा ओटा असावा.

(६) दोष सांपडेपर्यंत पाणी उकळून किंवा क्लोरीन देऊन प्यावें. मात्र हा उपाय जंतूंवर आहे, नायट्रेटावर नव्हे, हें विसरूं नये. नायट्रेट मर्यादेबाहेर असल्यास तान्ह्या मुलांसाठीं दुसऱ्या विहिरीचें पाणी आणावें.

(७) उकिरड्यास पक्का तळ करून तो वरून झांकावा आणि रासायनिक खत एकदम न देतां पिकाच्या वाढीप्रमाणें हप्त्यांनीं द्यावें. उकिरड्यांतून उडालेला अमोनिया आणि विहिरींत उतरलेलें नायट्रेट ह्या दोन्ही रूपांनीं पिकाचाच घास जातो. येथें आरोग्य व किफायत ह्यांत विरोध नाहीं.

शेवटीं एकच सांगावयाचें. जमिनीच्या पृष्ठभागावर बांध आहेत, गट क्रमांक आहेत, मालक आहेत. जमिनीखालच्या पाण्यास ह्यांपैकीं कांहींच ठाऊक नाहीं. एकाच्या अंगणांतलें पाणी दुसऱ्याच्या हंड्यांत जातें. म्हणून विहिरीची तपासणी एकट्यादुकट्यानें करण्यापेक्षां सर्व गांवानें मिळून करावी, निकाल चावडीवर सर्वांस वाचून दाखवावा, आणि दोष कोणाच्या बाजूस निघाला तरी त्यास लाजविण्याऐवजीं दुरुस्तीस हात द्यावा. फ्यूर्लेर खोऱ्यांतील तो शेतकरी अपराधी नव्हता. त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें. आपल्याला आतां तसें म्हणतां यावयाचें नाहीं.